मक्याला चुना कुणी लावला?

‘त्यानं मला चांगलाच चुना लावला!’ असं घरात कुणी म्हणालं, की समजायचं, कुणीतरी कुणाला तरी फसवलंय.

पण दोस्तांनो, या पृथ्वीवर एक देश असा आहे, जिथं लोक हजारो वर्षं चुना लावत आलेत. तेही लपूनछपून नाही. चुलीजवळ बसून, अगदी प्रेमानं! आणि ज्याला चुना लावतात, त्याचं नुकसान होतच नाही. उलट तो आणखी चवदार होतो, आणखी गुणी होतो.

कुणाला लावत असतील हा चुना? ओळखा पाहू!

भिंतीला? अंहं. विड्याच्या पानाला? अंहं!

मक्याला!

हो, तोच आपला मका. पावसाळ्यात गाडीवर खरपूस भाजून, लिंबू-मीठ-तिखट चोळून आपण खातो ना, तोच! आणि तो देश आहे मेक्सिको. मका मूळचा तिथलाच. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या एका रानटी गवतापासून मका तयार करायला सुरुवात केली. त्या गवताचं कणीस कसलं, कणसाचं पिल्लू! त्यात इनमिन पाच ते बारा दाणे. तेही एकेक दाणा कडक कवचात बसलेला. दरवर्षी चांगल्यातले चांगले दाणे निवडून पेरत पेरत लोकांनी त्याचं आजचं टपोरं कणीस केलं.

मग त्या टपोऱ्या दाण्यांना चुना का लावायचा? थांबा, थांबा! आधी चुन्याशी ओळख करून घेऊ.

दगडातून निघालेली भुकटी

चुना कुठून येतो, माहीत आहे? चुनखडी नावाच्या दगडातून! हा दगड भट्टीत खूप तापवला, की त्यातला एक वायू उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. दगड मिळत नसेल, तर शिंपले भाजूनही चुना करता येतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना करायचे, तो असाच.

आता या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं, की काय होतं? चर्रर्र! खाली जाळ नाही, गॅस नाही, तरी भांडं तापतं, वाफा निघतात! सगळं शांत झालं, की खाली बसतो पांढराशुभ्र, मऊ चुना.

हा चुना दिसायला गरीब, पण अंगात जोर भारी! म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चुना हातात घेऊन खेळायचं नाही. डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. कळीच्या चुन्याच्या तर जवळपासही जायचं नाही.

मग त्याचा जोर बघायचा कसा? त्याच्या धाकट्या भावंडाला बोलवू. खाण्याचा सोडा! चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवा. झालं पिवळंधमक पाणी. आता त्यात सोडा टाका आणि बघत राहा. पिवळा रंग लालसर झाला! शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की तो डाग लाल होतो ना? तीच ही गंमत. हळदीत चुना मिसळून लाल कुंकू करतात, तेही याच युक्तीनं!

हळदीला असं लाल करणाऱ्या पदार्थांना आपण ‘क्षार गटातले’ म्हणू. लिंबू, चिंच, ताक यांचा गट आंबट. हा गट बरोबर त्याच्या उलटा. सोडा, साबण, लाकडाची राख आणि चुना, सगळे याच गटातले.

झाली ओळख? चला मग मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात!

रात्रभर मुरलेले दाणे

संध्याकाळची वेळ आहे. चुलीवर मोठं भांडं चढलंय. त्यात पाणी आणि वाळलेल्या मक्याचे टणक दाणे. इतके टणक, की चावायला गेलं तर दाढच दुखावी! एक किलो दाण्यांना साधारण 10 ग्रॅम, म्हणजे अगदी थोडासा चुना. तो पाण्यात कालवून भांड्यात घालायचा.

आणि लगेच एक गंमत दिसते. दाणे एकदम पिवळेजर्द होतात! पांढरा मका असला तरी पिवळा होतो. रंग कुणी टाकला? कुणीच नाही! मक्यातच काही रंगद्रव्यं लपलेली असतात. आंबट किंवा साध्या पाण्यात ती दिसत नाहीत. क्षार भेटला, की पिवळी होतात.

अर्धा-पाऊण तास दाणे शिजतात. मग खालचा जाळ काढायचा, भांड्यावर झाकण ठेवायचं आणि झोपायला जायचं. पुढचं काम चुना करतो. रात्रभर!

सकाळी झाकण काढलं, की दाणे फुगलेले. एक दाणा चिमटीत धरून चोळा. सुळ्ळकन साल निघते! काल जी साल नखानंही निघत नव्हती, ती आज भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी हातात येते.

असं का झालं? मक्याच्या सालीत धागे असतात आणि त्यांना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो. गरम पाणी आणि चुना मिळून हा डिंक विरघळवतात. डिंक सुटला, की साल सुटली!

आता दाणे भरपूर पाण्यात चोळून चोळून धुवायचे. सालं आणि चुना वाहून जातात. त्या पिवळ्या, बुळबुळीत पाण्याला तिथं म्हणतात नेहायोते. आणि स्वच्छ धुतलेल्या, टपोऱ्या दाण्यांना म्हणतात निश्तमाल.

निश्तमाल! म्हणून बघा मोठ्यानं. मजा येते ना? हा शब्द नाहुआत्ल भाषेतला आहे. ॲझ्टेक लोकांची ही भाषा मेक्सिकोत आजही लाखो लोक बोलतात. या शब्दात ‘राख’ लपली आहे. कारण चुना नसेल तिथं लोक चुलीतली राख वापरायचे. राखही क्षारच की!

आणि ही युक्ती किती जुनी असेल? मेक्सिकोच्या शेजारी ग्वाटेमाला नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर या कामाची जुनी साधनं सापडली आहेत. ती आहेत इसवी सनापूर्वी 1500 ते 1200 या काळातली. म्हणजे तीन हजार वर्षांहूनही जुनी!

मासा, पण मासोळी नव्हे!

निश्तमाल तयार झाला. आता तो वाटायचा. कशावर? पाट्यावर!

खरंच! मेक्सिकोत दगडाचा तीन पायांचा, उतरता पाटा असतो. त्याला म्हणतात मेताते. त्यावर दगडी लाटण्यासारखा लांबट वरवंटा दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवायचा. खसर-खसर, खसर-खसर! आपल्या आजीचा पाटा-वरवंटा तिथं नेऊन ठेवला, तर तिथल्या आजीला मुळीच नवल वाटणार नाही.

आज बऱ्याच घरी पाटा नाही. लोक निश्तमाल बादलीत घालून गिरणीवर नेतात. हो, तिथंही गल्लीत गिरणी असते! फक्त आपण गिरणीत कोरडं धान्य देतो आणि ते ओले दाणे देतात.

वाटून जो गोळा होतो, त्याचं नाव ऐकून तुम्ही हसाल. त्याला म्हणतात मासा! पण हा मासा पोहत नाही हं. मासा म्हणजे मळलेलं पीठ.

या पिठाचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा. दोन्ही तळहातांमध्ये धरून थापायचा. थप थप थप थप! गोल, पातळ चकती झाली, की टाकायची तव्यावर. तिथल्या तव्याला म्हणतात कोमाल. एकदा उलटायची, पुन्हा उलटायची आणि फुस्स! ती फुगते! झाली तोर्तिया. मेक्सिकोची रोजची भाकरीच म्हणा ना!

आता एक खास प्रश्न. तुमच्या घरी मक्याची भाकरी कुणी थापली आहे का? त्यांना विचारा, थापताना काय होतं? उत्तर येईल, ‘तडकते मेली!’ कडा फाटतात, उलटताना तुकडे पडतात. गव्हाच्या पिठात ताणलं जाणारं एक चिकट प्रथिन असतं, तसं मक्यात नसतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं, की आजी म्हणते, ‘पिठाची विरी गेली गं!’ विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. मग ती उकळतं पाणी घालून पीठ मळते. गरम पाण्यानं पीठ थोडं शिजतं आणि चिकटतं.

मेक्सिकोच्या आजीनं मक्याला विरी आणली ती चुन्यानं! सालीतला सुटलेला डिंक आणि आतला अर्धवट शिजलेला पिठूळ भाग, दोघं मिळून पीठ बांधून धरतात. म्हणून तोर्तिया दुमडली, गुंडाळली, आत उसळ भरली तरी तुटत नाही.

आणि वास? वास तर विचारूच नका! चुन्यात मुरल्यावर मक्याला एक वेगळाच खमंग वास येतो. दुकानातले नाचोज खाल्ले असतील, तर तो वास तुमच्या नाकाला माहीत आहे. कॉर्नफ्लेक्सही मक्याचेच ना? पण त्यांना तो वास येत नाही. कारण त्यांच्या वाट्याला चुना आलेलाच नाही!

निश्तमालच्या दाण्यांचं एक सूपही करतात, पोसोले. त्यासाठी काही जण प्रत्येक दाण्याचं टोक नखानं खुडतात. प्रत्येक दाण्याचं! का? टोक काढलं, की शिजताना दाणा वरून उमलतो, फुलासारखा. केवढी ती हौस!

झाकण घट्ट बसलेला डबा

आता येतो सगळ्यांत मोठा चमत्कार. तो ना डोळ्यांना दिसतो, ना जिभेला कळतो.

मक्याच्या दाण्यात एक जीवनसत्त्व असतं. त्याचं नाव नायसिन. ब गटातलं हे जीवनसत्त्व. खाल्लेल्या अन्नातून ताकद काढून घ्यायला शरीराला ते लागतंच. किती लागतं? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 15 मिलिग्रॅम. एका ग्रॅमचे हजार भाग केले, तर त्यातले फक्त 15!

मक्यात नायसिन आहे, मग मका खाल्ला की ते मिळालं, हो ना?

नाही ना! इथंच तर खरी गोम आहे.

मधली सुट्टी झाली आहे. डब्यात आईनं थालीपीठ दिलंय. वासही येतोय. पण झाकण असं घट्ट बसलंय, की काही केल्या उघडत नाही! सुट्टी संपल्याची घंटा वाजते आणि डबा तसाच भरलेला घरी परत जातो. मक्यातल्या नायसिनचं अगदी हेच होतं. ते दुसऱ्या पदार्थांना घट्ट बांधलेलं असतं. आपलं पोट त्याचं झाकण उघडू शकत नाही. मका पोटात येतो आणि बरंचसं नायसिन तसंच बाहेर निघून जातं.

आणि हे झाकण कोण उघडतं? बरोब्बर! चुना!

चुन्याच्या गरम पाण्यात ती बांधणी सुटते. नायसिन मोकळं होतं आणि आपल्या शरीराला मिळतं. शिवाय चुन्यात असतं कॅल्शियम, हाडांचं आणि दातांचं लाडकं. त्यातलं थोडं दाण्यात शिरतं. मक्यावर कधी कधी विषारी बुरशी वाढते. तिचं विषही चुन्यात शिजवून धुतल्यावर बरंच कमी होतं.

एका चिमटीत किती कामं! साल काढली, पिठाला विरी आणली, वास दिला, कॅल्शियम दिलं, विष कमी केलं आणि जीवनसत्त्वाचं झाकणही उघडलं!

दाणे नेले, कृती राहिली!

1492 मध्ये कोलंबस अमेरिकेत पोचला. त्यानंतर युरोपच्या जहाजांतून मका समुद्रापार गेला. भरपूर पिकणारं, स्वस्त, पोट भरणारं धान्य! स्पेनमध्ये, इटलीत गरीब लोक सकाळ-संध्याकाळ मकाच खाऊ लागले. इटलीत मक्याच्या रव्याची घट्ट लापशी करतात, पोलेंता. लोक तीच खात, आणि गरिबाच्या ताटात दुसरं काही नसेच.

जहाजांनी मक्याचे दाणे नेले. पण एक गोष्ट मागेच राहिली. कुठली?

चुन्याची कृती!

युरोपातल्या लोकांकडे दाणे दळायला छान गिरण्या होत्या. साल काढायला चुना कशाला हवा? असं करत करत ती पायरी गळली ती गळलीच. आणि मग एक विचित्र आजार दिसू लागला.

1735 मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरांना तो पहिल्यांदा नीट ओळखू आला. उन्हात राहणारी कातडी लाल, खरखरीत व्हायची. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उठायचा! मग पोट बिघडायचं. मग डोकं ताळ्यावर राहायचं नाही. माणसं त्यातून दगावायचीही. पुढे इटलीत या आजाराला नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आजार अमेरिकेच्या दक्षिण भागात शिरला. 1906 ते 1940 या काळात तिथं सुमारे 30 लाख लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख लोक मेले. कापसाच्या शेतात, गिरण्यांत राबणारी गरीब माणसं होती ही. त्यांच्या ताटात मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. बस्स, एवढंच.

आणि मेक्सिकोच्या खेड्यांत? तिथंही गरीब लोक रोज मकाच खात होते. पण चुन्यात शिजवलेला. सोबत घेवड्याची उसळ. पेलाग्रा मात्र त्यांच्या वाटेला फारसा गेलाच नाही!

खपल्यांची गोळी गिळणारा डॉक्टर

अमेरिकेतल्या बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं, पेलाग्रा हा साथीचा रोग आहे. जंतूंमुळे होतो, एकापासून दुसऱ्याला लागतो. 1914 मध्ये सरकारनं याचा शोध घ्यायला जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरांना पाठवलं.

गोल्डबर्गर अनाथाश्रमांत गेले, इस्पितळांत गेले. गुप्तहेरासारखे टक लावून बघत राहिले. आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं आजारी आहेत, रुग्ण आजारी आहेत. पण त्यांची काळजी घेणाऱ्या परिचारिका मात्र ठणठणीत!

आता तुम्हीच सांगा. रोग एकापासून दुसऱ्याला लागत असता, तर परिचारिकांना नको का लागायला? मग दोघांमध्ये फरक कशाचा?

ताटाचा! परिचारिकांच्या ताटात दूध, अंडी, मांस असायचं. मुलांच्या ताटात नसायचं.

गोल्डबर्गरांनी मिसिसिपी राज्यातल्या दोन अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस, कडधान्यं द्यायला लावली. आणि काय! पेलाग्रा पळाला!

तरी लोकांचा विश्वास बसेना. मग या डॉक्टरांनी काय केलं असेल? आता जेवत असाल, तर हा परिच्छेद नंतर वाचा हं!

1916 मध्ये त्यांनी रुग्णांच्या कातडीच्या खपल्या घेतल्या, आणखीही काही घाण पदार्थ घेतले, गव्हाच्या पिठात मिसळून त्याच्या गोळ्या केल्या. आणि गिळल्या! ईऽऽऽ! स्वतः गिळल्या, सहकाऱ्यांनीही गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनी तर रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. रोग जंतूंचा नाही, ताटाचा आहे, हे असं सिद्ध केलं!

पण ताटात नेमकं काय कमी होतं? ते मात्र गोल्डबर्गरांना सापडलं नाही. 1929 मध्ये ते वारले. 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या अशाच एका आजारावर औषध शोधलं, निकोटिनिक आम्ल. तेच पेलाग्रावर लागू पडलं! पण हे नाव तंबाखूतल्या निकोटीनसारखं वाटतं. लोकांचा भलताच गैरसमज व्हायला नको, म्हणून त्याचं नवं नाव ठेवलं नायसिन. तुमच्या ओळखीचंच की आता!

मग दूध-अंड्यांनी मुलं बरी कशी झाली? कारण आपलं शरीर भारी हुशार आहे. दूध-अंड्यांच्या प्रथिनांत एक घटक असतो, त्यापासून शरीर स्वतःच थोडं नायसिन बनवतं. मक्यात हा घटकही कमीच. म्हणून एकटा मका खाणाऱ्यांची दोन्हीकडून पंचाईत!

पुढे 1951 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दोन प्रकारचा मका देऊन पाहिला. साधा कच्चा मका आणि तोर्तियासाठी चुन्यात शिजवलेला मका. ओळखा, कुठल्या मक्यावर प्राणी जास्त चांगले वाढले? चुन्याच्या!

तीन हजार वर्षांपूर्वीची आजी पहिली आली. नायसिन हे नावसुद्धा न ऐकता!

क्षारांचं गणगोत

चुना-राखेची ही युक्ती एकट्या मेक्सिकोची नाही बरं का. चला, जगाला एक झटपट फेरी मारू.

अमेरिकेतले होपी आदिवासी निळ्या मक्याच्या पिठात झाडपाल्याची राख घालतात. त्यानं मक्याचा निळा रंग टिकतो. मग तापलेल्या दगडावर हातानंच पीठ फासून कागदासारखी पातळ पीकी करतात. आपल्या मांड्यांची आठवण यावी इतकी पातळ!

जपानमध्ये रामेन नूडल्सच्या पिठात कान्सुई नावाचं क्षाराचं पाणी घालतात. त्यानं शेवया चिवट, लवचीक होतात आणि पिवळ्या दिसतात. अंडं न घालताही पिवळ्या! निश्तमाल पिवळा झाला ना, तशाच.

चीनमध्ये बदकाच्या अंड्यांना चुना, राख, मीठ आणि माती यांचा लेप देऊन कित्येक आठवडे ठेवतात. आतला पांढरा भाग होतो गडद तपकिरी जेलीसारखा आणि बलक होतो हिरवट! हे पीदान.

नॉर्वेत वाळवलेला मासा (हा खरा मासा हं!) दाहक क्षाराच्या पाण्यात भिजवतात, मग कित्येक दिवस साध्या पाण्यात धुतात. तो थलथलीत होतो. त्याला म्हणतात लुटेफिस्क. जर्मनीत ब्रेत्सेल नावाचा गाठीसारखा पाव भट्टीत घालण्यापूर्वी क्षाराच्या पाण्यात बुडवतात. म्हणून तो चकचकीत तपकिरी होतो.

आणि आपल्याकडे? आपण काय कमी आहोत का! उडदाच्या पापडात पापडखार घालतात, तो क्षारच. छोले भिजवताना चिमूटभर सोडा घालतात, तोही क्षार. सालीतला डिंक सोडवायचं तेच काम तो करतो, आणि छोले लवकर शिजतात.

आता शेवटचं कोडं. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. मक्याला चुना मऊ करतो, म्हणजे पेठाही मऊ होणार, हो ना? चूक! फोडी होतात टणक! पाकात कितीही उकळल्या तरी विरघळत नाहीत. कारण इथं चुना गरम पाण्यात नसतो, गार पाण्यात असतो. कोहळ्यात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. चुन्यातलं कॅल्शियम त्याला टाके घालून घट्ट शिवून टाकतं. एकच चुना. मक्याकडे शिवण उसवणारा, कोहळ्याकडे शिवण घालणारा!

मग आपण काय करायचं?

तुम्हाला वाटेल, आता मक्याची भाकरी खायला भ्यायचं का? मुळीच नाही! पेलाग्रा व्हायचा तो एकच एक धान्य खाऊन. मक्याचंच असं नाही. 1960 मध्ये हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतल्या पेलाग्राबद्दल लिहिलं होतं. ज्वारी वाईट नव्हती. ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही नव्हतं, ते वाईट होतं. भाकरीसोबत पिठलं आहे, उसळ आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, वाटीभर दूध आहे, तर बिनधास्त खा. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर!

आणि एक काम करा. आज स्वयंपाकघरात जा आणि आजीला, आईला, बाबांना, जो कुणी स्वयंपाक करत असेल त्याला विचारा, ‘हे असं का करता?’ डाळ आधी का भिजवता? वालाला मोड आणून का सोलता? अळूवडीला चिंच का? प्रत्येक उत्तर वहीत लिहून ठेवा. ‘माझी आई करायची, म्हणून मी करते’ असं उत्तर आलं, तर त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि ते विज्ञानाच्या बाईंना नाहीतर सरांना दाखवा.

पण कारण कळेपर्यंत ती पायरी गाळायची नाही हं!